जुन्या मोटारीत नवे गाणे

जुनी फियाट अथवा अम्बॅसिडर विकावयास निघाली म्हणजे जाणता माणूस आधी इंजिनाकडे पाहत नाही. तो दार उघडतो, खाली वाकतो आणि डॅशबोर्डाच्या पत्र्यावरून बोटे फिरवितो. पुष्कळदा त्या बोटांना एक भोक लागते. कडा खडबडीत, कोपरे वेडेवाकडे. कानशीने घासण्याची तसदीही कोणी घेतलेली नसते. रुंदी सुमारे १८० मिलिमीटर, उंची ५०. हे माप योगायोगाचे नव्हे. जर्मनीच्या प्रमाणसंस्थेने मोटारीतील रेडिओसाठी ते ठरवून दिले आणि पुढे १९८४ साली जगाने ते उचलले. कॅसेट वाजविणारी यंत्रे त्या मापात आली, आणि गावोगावच्या मिस्त्र्यांनी छिन्नी-हातोडी घेऊन वीस-वीस, पंचवीस-पंचवीस वर्षांच्या धडधाकट गाड्यांना ते माप कोरून दिले. मागच्या काचेखालच्या फळीला आणखी दोन लंबवर्तुळाकार भोके पडली. पुढे कॅसेट गेली, ती यंत्रेही भंगारात गेली. भोके मात्र राहिली.

आज त्याच गाड्यांचे मालक पुन्हा त्याच प्रश्नापाशी येऊन उभे आहेत. अम्बॅसिडर १९५८ साली आली आणि २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणारी फियाट व तिची धाकटी बहीण पद्मिनी त्याआधीच बंद झाली होती. या गाड्या आता बाजारात मिळत नाहीत, वारसाने मिळतात. आजोबांनी जपलेली गाडी नातवाच्या हाती येते. नातवाला ती मनापासून हवी असते. परंतु रविवारी सहकुटुंब बेळगावहून आंबोलीला अथवा इंदूरहून मांडूला निघावे, तर दोन-तीन तास मुकाट बसणे त्याच्या मुलांना मानवत नाही. आजोबांचे मत असे की, या गाडीत ऐकावयाचे ते इंजिन. नातू म्हणतो, मुले बसणार नसतील तर गाडी शेडमध्येच राहील, आणि शेडमध्ये उभ्या राहिलेल्या गाडीची रबरे सुकतात, पेट्रोलच्या टाकीला गंज चढतो, ब्रेक धरून बसतात. आजोबांनाही हे ठाऊक असते. म्हणून वाद गाणे हवे की नको एवढ्यावर थांबत नाही. ते कोठे बसवावयाचे आणि बसविताना गाडीचे काय कापावयाचे, या प्रश्नाशी तो येऊन ठेपतो.

याचे उत्तर एका शब्दात देता येते : काहीही नाही. मात्र ते पाळावयाचे म्हटले की मोठी खटपट पडते.

सर्वच जुन्या गाड्या एका मापाने मोजू नयेत, हे आधी सांगितले पाहिजे. हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात निजामाची १९१२ सालची पिवळी रोल्स-रॉईस आहे. ती घडली तेव्हा मोटारीतच काय, घरातही रेडिओ नव्हता. मुंबईचे पहिले नियमित नभोवाणी केंद्र सुरू झाले ते जुलै १९२७ मध्ये. अशा गाडीत कितीही बेमालूमपणे लपविलेला स्पीकर हा खोटाच साक्षीदार ठरेल. जाणकार लोक ‘व्हिंटेज’ हा शब्द काटेकोरपणे वापरतात तो १९१९ ते १९३० या काळातल्या गाड्यांसाठी, आणि त्यांना उपरे गाणे शोभत नाही. तथापि आपल्या घराघरांतून ज्यांना जुनी गाडी म्हणतात त्या बहुतेक १९५० ते १९८० या काळातल्या. त्यांच्या जन्मकाळी मोटारीतला रेडिओ ही माहीत असलेली, हौसेची आणि खर्चाची वस्तू होती. रेडिओसाठी डाकघरातून परवाना काढावा लागे, तो काळ अनेकांना आठवत असेल. अशा गाडीत गाणे असणे कालविसंगत नाही. निळ्या दिव्यांनी लुकलुकणारा चौकोन असणे विसंगत आहे.

कायद्याची बाजू सोपी आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत भर घालून पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकी गाड्यांसाठी ‘व्हीए’ अक्षरांची स्वतंत्र नोंदणी सुरू केली. नव्या नोंदणीस २० हजार रुपये, फेरनोंदणीस ५ हजार, मुदत दहा वर्षे. अट एवढीच की, गाडी मूळ रूपात राखलेली असावी. चेसिस, बॉडी अथवा इंजिन यांत भारी फेरफार झालेला नसावा. आसनाखाली ठेवलेल्या ॲम्प्लिफायरने ही अट मोडत नाही. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची तूरिन येथील सनद मात्र अधिक बारकाईने बोलते. तिचा आशय असा की, गाडीच्या काळाबाहेरचा बदल करणे भागच पडले तर तो डोळ्यांत न भरणारा असावा, पुन्हा पूर्ववत करता येण्याजोगा असावा, आणि काढलेले मूळ भाग गाडीबरोबरच जपून ठेवावेत. बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात जानेवारी २०२३ मध्ये जुन्या गाड्यांचा मोठा मेळावा भरला होता. तसल्या स्पर्धांतून परीक्षकांची नजर याच अस्सलपणावर असते. परंतु ज्याला स्पर्धेत उतरावयाचे नाही त्यानेही ही सनद मानावी, कारण तिच्यातले शहाणपण बक्षिसापुरते नाही. पुढच्या मालकाला निवड करता यावी, एवढेच ती सांगते.

यंत्र लपविण्याची ही कल्पना नवी आहे असे कोणास वाटेल. वस्तुतः मोटारीतला रेडिओ जन्मला तोच लपून. अमेरिकेत पॉल गॅल्विन याने १९३० साली आपल्या स्टुडबेकर गाडीत रेडिओ बसवून ती अटलांटिक सिटीच्या रेडिओ उत्पादकांच्या परिषदेला नेली. त्याच रेडिओचे नाव मोटोरोला. त्या दिवसांत रेडिओ बसविणे म्हणजे गाडीवर शस्त्रक्रियाच होती. छताचे अस्तर उतरवून त्यामागे एरियलची तार पसरावयाची, पायाखालच्या फळ्या काढून खाली जादा बॅटऱ्या ठेवावयाच्या, मुख्य पेटी डॅशबोर्डाच्या मागे टांगावयाची. चालकाच्या हाताशी येई ती फक्त एक लहानशी चकती. युरोपात ब्लाउपुंक्ट कंपनीचा १९३२ सालचा संचही असाच होता : यंत्र एकीकडे आणि त्याच्या कळा सुकाणूच्या दांड्यावर. पेटी आणि कळा एकत्र होऊन डॅशबोर्डाच्या मधोमध आल्या त्या नंतर, आणि मिरविण्याची हौस त्याहून नंतरची. तेव्हा आज कोणी सर्व यंत्र आसनाखाली सारून कळीचे काम खिशातल्या मोबाइलकडे सोपविले, तर तो नवे काही करीत नाही.

गॅल्विनने एका बँकवाल्याच्या गाडीत रेडिओ बसवून दिला आणि थोड्याच वेळात त्या गाडीने पेट घेतला, अशीही एक गोष्ट सांगितली जाते. ती आख्यायिका असेल. पण तिच्यातला धोका खरा आहे. कापलेला डॅशबोर्ड वाईट, पण जळलेली गाडी त्याहून वाईट. म्हणून गाण्याच्या आधी विजेचा विचार करावयास हवा. नव्या मिस्त्र्याचा पाय घसरतो तो येथेच.

मोटारीत विजेची एक तार बॅटरीपासून दिव्यापर्यंत जाते आणि परतीची वाट मात्र गाडीच्या लोखंडी सांगाड्यातून असते. बॅटरीचे एक टोक सांगाड्याला जोडलेले असते. त्याला गॅरेजात ‘अर्थ’ म्हणतात. आजच्या प्रत्येक गाडीत हे टोक ऋण, म्हणजे निगेटिव्ह, असते. परंतु ब्रिटिश गाड्यांत १९६०-७० या दशकाच्या मध्यापर्यंत सर्रास धन टोक सांगाड्याला जोडीत, आणि ब्रिटिश नमुन्यावर घडलेल्या तेव्हाच्या गाड्यांतही हाच प्रकार आढळतो. अमेरिकन फोर्ड आणि पॅकार्ड यांचीही १९५०-६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत हीच रीत होती. त्यांची बॅटरीही बारा व्होल्टची नसून सहा व्होल्टची.

आता आजचा रेडिओ अथवा ॲम्प्लिफायर घ्या. त्याची लोखंडी पेटी आतून निगेटिव्हला जोडलेली असते. ती पेटी धन-अर्थ गाडीच्या सांगाड्याला स्क्रूने घट्ट बसविली की बॅटरीची दोन्ही टोके एकमेकांना भिडली. फ्यूज असेल तर तो जळेल. नसेल तर तार जळेल, आणि तारेबरोबर तिच्या शेजारचे सर्व. पेटीला रबर गुंडाळून, लाकडी फळीवर बसवून पुष्कळजण निश्चिंत होतात. पण सांगाड्याकडे जाणारी आणखी एक चोरवाट असते, ती एरियलची. एरियलच्या तारेवर जे जाळीदार वेष्टण असते ते एका टोकाला रेडिओच्या पेटीला आणि दुसऱ्या टोकाला मडगार्डाच्या पत्र्याला भिडलेले असते. सर्व काळजी घेऊनही शेवटी एरियल खोचल्याबरोबर ठिणगी का उडाली, याचा उलगडा अनेकांना तेथे होतो. मोबाइलला वीज देणाऱ्या बिळाची धातूची कडाही तशीच दगा देते.

यावर दोन उपाय आहेत. पहिला उपाय संपूर्ण गाडीचीच दिशा उलटविण्याचा. बॅटरीची जोडणी फिरवावयाची, डायनामोच्या फील्डला क्षणभर वीज लावून त्याची चुंबकी दिशा बदलावयाची, इग्निशन कॉईलच्या दोन तारा अदलाबदल करावयाच्या, अँपिअरमीटर उलटा जोडावयाचा. स्टार्टरला आणि त्या काळच्या बहुतेक वायपर मोटारींना याचा फरक पडत नाही. काम अर्ध्या दिवसाचे आहे, आणि पूर्ववतही करता येते. पण ते केल्यावर बोनेटखाली ठळक अक्षरांत लिहून ठेवावे लागते. नाहीतर दहा वर्षांनी एखादा प्रामाणिक वायरमन जुने पुस्तक उघडून बॅटरी ‘बरोबर’ जोडील आणि सर्व नवे यंत्र एका क्षणात निकामी करील. दुसरा उपाय अधिक सभ्य. येणारी आणि जाणारी वीज एकमेकींपासून पूर्णपणे तोडून ठेवणारे, तरीही बारा व्होल्ट पुढे पोहोचविणारे लहानसे परिवर्तक मिळतात. सहाचे बारा करणारेही मिळतात. असे परिवर्तक मध्ये घातले म्हणजे गाडी आपल्या धर्माने चालते आणि यंत्र आपल्या. मात्र ‘आयसोलेटेड’ हा गुण त्याच्या अंगी आहे की नाही हे दुकानदाराच्या शब्दावर न ठेवता मीटर लावून पाहावे. स्वस्तातली बहुतेक परिवर्तके व्होल्ट बदलतात, पण दोन्ही बाजूंचे अर्थ आतून जोडूनच ठेवतात.

वीज किती आहे हाही हिशेब आहे. त्या काळच्या ब्रिटिश गाड्यांत ल्युकास कंपनीचा जो सी-३९ डायनामो असे त्याची कमाल कमाई १९ अँपिअर, त्यानंतरच्या सी-४० ची २२. पुढचे दोन दिवे, मागचे दिवे मिळून शंभर वॉट धरले तर आठ अँपिअर गेले. इग्निशनला तीन-चार, वायपरला दोन-तीन. पावसाळी रात्री हाती उरतात चार-पाच अँपिअर, तेही गाडी वेगात असताना. चौकात उभी राहिली की डायनामो जवळजवळ काहीच देत नाही. इग्निशनचा लाल दिवा लागतो तो हेच सांगण्यासाठी. खोक्यावर ‘चारदा पन्नास वॉट’ असे छापलेले यंत्र या संसारात परवडणारे नाही, आणि ते आकडेही बहुधा कागदी शौर्याचेच असतात. सुदैवाने आजकाल ‘डी’ वर्गाचे जे ॲम्प्लिफायर मिळतात ते घेतलेल्या विजेपैकी ऐंशी-नव्वद टक्के वीज आवाजात उतरवितात. जुन्या पद्धतीचे निम्म्याच्या आसपास अडखळत. साधारण आवाजात ऐकल्यास असे यंत्र एक-दोन अँपिअरवर भागते. गाडी बंद ठेवून तासन्‌तास मैफल झोडावयाची असेल तर तो वेगळा छंद आहे. त्यासाठी हँडल मारून गाडी चालू करण्याची तयारी ठेवावी.

तार कोठून घ्यावी? जुन्या वायरिंगमधून मुळीच नाही. कापडी वेष्टणाखालचे रबर चाळीस-पन्नास वर्षांत पापडासारखे होते. हात लावताच तडकते. शिवाय त्या काळच्या अनेक ब्रिटिश गाड्यांत फ्यूज असत अवघे दोन, आणि दिव्यांच्या तारा तर कित्येकदा फ्यूजवाचूनच असत. गाण्यासाठी बॅटरीपासून स्वतंत्र नवी तार ओढावी, आणि बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आतच तिला फ्यूज द्यावा. येथेही धन-अर्थ गाडीत गल्लत होते : फ्यूज हवा तो सांगाड्याला न जोडलेल्या टोकावर, आणि या गाड्यांत ते टोक निगेटिव्ह असते. इंजिन आणि चालकाची जागा यांमधल्या पत्र्यात नवे भोक पाडू नये. स्पीडोमीटरची केबल अथवा जुनी वायरिंग जाते त्या रबरी बुचातूनच तार न्यावी. जागा सापडतेच, मात्र एक संध्याकाळ पाठीवर पडून विजेरीने शोधावे लागते.

एवढे झाल्यावर आवाज कोठून काढावा याचा विचार. ॲम्प्लिफायर आसनाखाली राहतो. त्याला वारा मिळावा, गालिच्यात गुंडाळून ठेवू नये. स्पीकरचे तसे नाही. उघडा स्पीकर नुसता कोठेतरी टांगला तर त्याच्या पुढचा आवाज मागच्याला खातो आणि तबल्याच्या बायाचा टिणटिण डबा होतो. त्याला बंद पेटी लागते, किंवा मागचा-पुढचा आवाज वेगळा ठेवणारी सलग फळी लागते. मागच्या काचेखालची फळी या कामाला उत्तम. पण मूळ फळी कापावयाची नाही. तिच्यावर कागद ठेवून आकार काढावा, त्याच मापाची प्लायवुडची दुसरी फळी करावी, तिला भोके पाडावीत आणि वर मूळ कापडाशी जुळणारे, हवा जाऊ देणारे कापड ताणून लावावे. मूळ फळी जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवावी. दारांच्या आतल्या पुठ्ठ्यांचेही तसेच : नवा पुठ्ठा करून त्यात स्पीकर बसवावा, जुना जपावा. जुन्या गाडीत जे जे सुटे निघते त्याची जुळी प्रत करता येते, आणि जे वेल्डिंगने जोडलेले आहे त्याला हात लावावयाचा नाही, एवढे धोरण ठेवले तर सहसा चूक होत नाही.

स्पीकर मुळीच दिसू नये असा हट्ट असेल तर पत्र्याला अथवा फळीला चिकटविण्याची कंपक यंत्रेही निघाली आहेत. मग फळीच बोलू लागते. पुठ्ठ्यावर ती बरी वाजतात, लोखंडी पत्र्यावर कर्कश. परंतु त्यांचा चिकट पदार्थ सुटताना मूळ अस्तराचे कातडे घेऊन येतो, म्हणून ती जुन्या भागावर कधीही लावू नयेत.

पुढे डॅशबोर्डात कंपनीने एकाच स्पीकरची जागा ठेवलेली असेल तर मालक हिरमुसतो. आजचे संगीत दोन बाजूंनी येणारे, आणि जागा एक. त्यासाठी एकाच स्पीकरात दोन कॉईल असलेला प्रकार मिळतो. डावीकडची तार एका कॉईलला, उजवीकडची दुसरीला, आणि दोन्ही प्रवाह एकाच कागदी शंकूतून बाहेर येतात. यात काही गमावले असे मानण्याचे कारण नाही. बडोद्याच्या दरबारी राहिलेल्या फैयाजखाँसाहेबांच्या ध्वनिमुद्रिका, जुनी नाट्यपदे, १९५५ सालच्या एप्रिलपासून पुणे केंद्रावरून घरोघर पोहोचलेले गीतरामायण, हे सर्व एकाच बाजूने येणाऱ्या आवाजाचे आहे. ते ध्वनित झाले त्याच रीतीने, डॅशबोर्डाच्या मधून, थोडे नाकात ऐकू येते, आणि ऐंशी वर्षांच्या कानांना ती खूण पटते. इंजिनाच्या घरघरीत आणि उघड्या खिडकीच्या वाऱ्यात दोन बाजूंचा बारकावा तसाही ऐकू येत नाही.

गाडीत मूळचा जुना रेडिओ शिल्लक असेल तर प्रश्न अधिक नाजूक होतो. व्हॉल्व्हच्या त्या संचांना दोनशेच्या वर व्होल्ट लागत. बॅटरीच्या विजेपासून ते निर्माण करण्यासाठी आत एक फडफडणारा व्हायब्रेटर असे, आणि रेडिओ लावताच आधी त्याची गुणगुण ऐकू येई. क्राइस्लर कंपनीने फिल्को कंपनीकडून करवून घेतलेला संपूर्ण ट्रान्झिस्टरचा संच १९५५ साली आला आणि मग ही गुणगुण हळूहळू थांबली. असा व्हॉल्व्हचा रेडिओ वीस वर्षांनी एकदम चालू करून पाहू नये. त्यातले कंडेन्सर आतून गळलेले असतात आणि ट्रान्सफॉर्मर घेऊन जळतात. आजकाल अशा संचाचे पोट रिकामे करून, त्याच काचेमागे व त्याच दोन बटनांमागे एफ. एम. आणि ब्लूटूथचे नवे यंत्र बसवून देणारे कारागीर आहेत. बाहेरून काहीच कळत नाही, आणि म्हणूनच मोह पडतो. ज्या संचाचे आतले भाग आधीच चोरीस गेले अथवा गंजून गेले आहेत त्याचे असे करण्यास हरकत नाही. पण जो दुरुस्त होऊ शकतो त्याचे पोट फाडणे आणि डॅशबोर्ड कापणे यांत फारसे अंतर नाही. फक्त घाव आतल्या बाजूला आहे. जाणत्या रेडिओ मेकॅनिककडून तो दुरुस्त करून घ्यावा, मध्ये एक लहान ट्रान्सफॉर्मर ठेवून त्याच्या आवाजाच्या भागाला मोबाइलची तार जोडून घ्यावी, आणि मग तोच जुना संच नवे गाणे गाऊ लागतो. मोटार तयार करणाऱ्यांनाही हा विचार पटलेला दिसतो : पोर्श कंपनीने २०१५ साली आपल्या जुन्या गाड्यांसाठी मूळ जागेत, कापाकापीवाचून बसणारा, दोन बटनांचा जुन्या धाटणीचा नवा रेडिओ स्वतःच बाजारात आणला.

एफ. एम. ऐकावयाचे असल्यास एरियल लागतेच. आपल्याकडे एफ. एम. प्रक्षेपणाचा आरंभ मद्रासला १९७७ साली झाला आणि इंदुरात खाजगी केंद्र निघाले ते २००१ मध्ये, म्हणजे या गाड्या एफ. एम. साठी घडलेल्याच नाहीत. तरीही मडगार्डाला भोक पाडण्याचे कारण नाही. या लहरींची लांबी सुमारे तीन मीटर. तिच्या चौथ्या हिश्शाची, म्हणजे पाऊण मीटर लांबीची तार पुरते. ती पुढच्या काचेच्या रबराच्या कडेने अथवा मागच्या फळीच्या कापडाखाली लपविता येते. पत्र्याच्या मागे मात्र लपवू नये. लोखंडाच्या पेटीत लहर शिरत नाही.

शेवटी राहते ती कुरकुर. सर्व जोडून झाले, इंजिन बंद असता गाणे स्वच्छ ऐकू आले, आणि इंजिन चालू करताच गाण्याच्या मागे टकटक आणि शीळ सुरू झाली, असे बहुतेकदा होते. टकटक प्लगच्या ठिणग्यांची. तांब्याच्या जुन्या वायरींच्या जागी रोध असलेल्या वायरी घातल्या, डेल्कोची टोपी स्वच्छ केली की ती पुष्कळशी थांबते. वेगाबरोबर चढत जाणारी शीळ डायनामोची. त्याच्या मोठ्या टोकावर एक कंडेन्सर लावावा लागतो. तो लहान टोकावर, म्हणजे फील्डवर, लावू नये. त्याने कटआउटच्या पेटीतील रेग्युलेटरचे काम बिघडते. इतके करूनही थोडी टकटक उरली तर उरू द्यावी. आजोबांना तेवढे इंजिन ऐकू आलेच पाहिजे.

काम संपल्यावर एक टिनची पेटी घ्यावी. निघालेले स्क्रू, जुने बूच, डॅशबोर्डाची मूळ झाकणपट्टी तिच्यात ठेवावी. तारा कोठून कोठे नेल्या त्याचा हाताने काढलेला आराखडा, फ्यूजची जागा, गाडीचे कोणते टोक अर्थ आहे ते, आणि काम केले ती तारीख एका कागदावर लिहून तो कागद झाकणाच्या आत चिकटवावा. पेटी डिकीत, जादा चाकाच्या शेजारी राहते.